पाचवी मोहोर

ही गोष्ट २०९८ सालची. गोड्या पाण्याच्या युद्धाला त्या वर्षी सदतीस वर्षं झाली होती, आणि ते युद्ध मुळात सुरू कोणी केलं, यावरून कोकण सागरी संघातली माणसं अजूनही लग्नाच्या पंगतीत भरल्या ताटावरून उठत होती.

युद्ध झालं ते समुद्राखालच्या पाण्यासाठी. तळाच्या खडकांत, खाऱ्या समुद्राच्या खाली, गोड्या पाण्याचे प्रचंड साठे सापडले होते. इकडून आपला संघ नळ घालून ते पाणी उपसत होता, पलीकडून आल्मेरची बेटं. ४ नोव्हेंबर २०६१ रोजी आपलं 'जलवेध-७' हे उपसाकेंद्र त्रेचाळीस कामगारांसह समुद्रात बुडालं. आल्मेरने पाणतीर सोडला, असं संघप्रमुख दळवींनी जाहीर केलं. पाच दिवसांनी युद्ध पुकारलं गेलं. ते नऊ महिने चाललं आणि त्यात दोन्हीकडची मिळून साठ हजार माणसं गेली.

निम्मा संघ हीच हकिकत मुलांना शिकवत आला. उरलेला निम्मा म्हणायचा, पाणतीर वगैरे सगळं खोटं. केंद्र आपल्याच हावरटपणाने बुडालं, दळवींना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी जाणूनबुजून साठ हजार बळी घेतले.

या दुसऱ्या हकिकतीला एकच साक्षीदार होती. ओवी तांडेल.

ओवी तेव्हा अडतीस वर्षांची, जलसंचालनालयात गोपनीय शाखेची कारकून. त्या काळी संगणकावर कोणाचाही आवाज, कोणाचीही सही, कोणाचाही चेहरा इतका हुबेहूब बनवता यायचा की सरकारचा कशावरच विश्वास उरला नव्हता. म्हणून युद्धाच्या दहा-एक वर्षं आधी संघाने जुन्या काळातल्या चार वस्तू अडगळीतून बाहेर काढल्या होत्या: टाइपरायटर, कागद, शिपाई आणि लाख. गोपनीय कागद लखोट्यात घालायचा, त्यावर लाखेच्या पाच मोहोरा करायच्या, चार कोपऱ्यांवर चार आणि मधोमध पाचवी, आणि शिपायाच्या हाती पाठवायचा.

केंद्र कसं बुडालं याचा अभियंत्यांचा अहवाल ओवीने स्वतः टाइप केला होता. बेसुमार उपशामुळे समुद्राचा तळच खचला, हल्ल्याची एकही खूण नाही, असं त्यात लिहिलं होतं. ८ नोव्हेंबरच्या दुपारी तिने तो मोहोरबंद करून, संघाचा कारभार पाहणाऱ्या सात जणांच्या परिषदेकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी युद्ध सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात संचालनालयावर बॉम्ब पडले. अहवालाची प्रत जळाली, लिहिणारे अभियंते गेले. राहिली फक्त ओवी. सदतीस वर्षं ती सभांमधून, न्यायालयांमधून एकच वाक्य सांगत आली. "मी माझ्या हाताने तो लखोटा बंद केला. त्यांनी तो वाचला आणि लपवला." लोक तिला लाखवाली बाई म्हणत. काही आदराने म्हणत, बरेच जण कुचेष्टेने.

आणि आता तो लखोटा सापडला होता! जुन्या टपाल कचेरीची इमारत पाडताना, न पोचलेल्या टपालाच्या एका थैलीत. आजवर कोणी न उघडलेला.

*

"आजी, बसा आधी. धाप लागलीय तुम्हाला," डॉ. झैनब परकार म्हणाली.

रत्नागिरीच्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत पंच्याहत्तर वर्षांची ओवी काठी न घेताच दोन जिने चढून आली होती.

"बसते गो. आधी दाखव तरी."

काचेखाली पिवळा पडलेला लखोटा होता. त्यावर ओवीच्या हाताच्या पाच तांबड्या मोहोरा. तो ज्या दुसऱ्या पाकिटात घालून टपालात टाकलेला होता, ते पाकीट शेजारी. त्यावर एकच जाड मोहोर होती, परिषदेची.

ओवीने काचेवर बोट टेकवलं. "माझाच. हा कोपरा बघ, शिक्का जरासा डावीकडे झुकलाय. साहेब नेहमी ओरडायचे."

पलीकडे बसलेले न्यायमूर्ती वेदांत खानोलकर हसले. युद्धाच्या कारणांचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे दोन्ही पक्षांच्या शिव्या खाणारा संघातला एकमेव माणूस. "तांडेलबाई, लखोटा खरा आहे हे सिद्ध झालंय, आतला अहवालही किरणांनी न उघडता वाचलाय. पण आम्हाला त्याहून जास्त हवंय. झैनब, सांग त्यांना."

"आजी, तूप थिजताना पाहिलंय ना?"

"थिजताना पाहिलंय, जळताना पाहिलंय, सांडतानाही. तू पुढे बोल."

"तुपाच्या वाटीला थिजताना धक्का लागला तर वर सुरकुत्या पडतात आणि तशाच राहतात. लाखेचंही तसंच. ती वरून आत, पापुद्र्यामागून पापुद्रा अशी गोठत जाते. आणि आवाज म्हणजे तरी काय? हवेची थरथर. ती थरथर प्रत्येक पापुद्र्यावर अगदी बारीक सुरकुती पाडते, केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक. मोहोर गोठायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात खोलीत जे बोललं गेलं ते सगळं आत राहतं. त्याला आम्ही गोठध्वनी म्हणतो."

ओवी तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी मोहोर करताना जे बोलले ते..."

"ते त्यात आहे. सदतीस वर्षांपासून. आम्ही प्रकाशाच्या किरणाने एकेक पापुद्रा सोलत जातो आणि सुरकुत्या वाचतो. मात्र सोललेला पापुद्रा संपला. मोहोर एकदाच वाचता येते. आणि हा आवाज बनवता येत नाही. संगणकाला सगळं जमतं, पण सदतीस वर्षं जुनी लाख नाही जमत."

"एक कायद्याची गोष्ट," खानोलकर म्हणाले. "आवाज कोणाचा हे यंत्राने सांगितलेलं आपल्याकडे चालत नाही. त्या माणसाला ओळखणाऱ्या जिवंत माणसाने शपथेवर सांगावं लागतं. त्या कचेऱ्यांमधली आता तुम्हीच उरलाय."

"अहो, परिषदेतल्या त्या बागव्याचा खोकलासुद्धा ओळखीन मी!" ओवी म्हणाली. "लावा यंत्र!"

*

आधी बाहेरच्या पाकिटाची मोहोर. काचेखाली बारीक निळा किरण फिरू लागला. कर्ण्यातून खरखर आली, मग छताच्या पंख्याचा आवाज, आणि मग, पाण्याखालून यावा तसा, एक माणूस बोलला.

"साहेब, परतीच्या पाकिटात घातलाय खरा, पण तातडीचं लिहिलंय त्यावर. उघडून बघूया काय?"

"बागवे!" ओवीने टेबलावर थाप मारली. "परिषदेच्या आवक शाखेतला. रोज फोनवर भांडायचा माझ्याशी!"

दुसरा आवाज ओळखायला ओवीची गरजच नव्हती. त्याची भाषणं तिथल्या तिघांनीही एकतर ऐकली होती नाहीतर शाळेत शिकली होती. संघप्रमुख दळवी.

"मोहोर तडकलीय ना?"

"एकच. मधली. बाकीच्या चार शाबूत आहेत."

"नियम काय सांगतो?"

"एक जरी तडकली तरी न उघडता परत. नव्याने मोहोरबंद करून आणायचा."

"मग परत. आत काय असेल, बागवे?"

"मला कशी कल्पना, साहेब?"

"मलाही नाही. आणि उद्या सकाळपर्यंत नसलेलीच बरी." थोडं हसू ऐकू आलं. "छान तडकलीय हो."

खरखर, आणि संपलं.

खानोलकर उठून उभे राहिले होते. झैनबचे डोळे चमकत होते. सदतीस वर्षांचं भांडण पंचवीस सेकंदांत मिटलं होतं. अहवाल होता, वेळेवर पोचला होता आणि दळवींनी तो मुद्दाम मागे लोटला होता. "आजी, तुम्ही खऱ्या ठरलात!"

ओवी मात्र हळूच म्हणाली, "नाही. मी म्हणत आले की त्यांनी वाचला. त्यांनी तर उघडलाच नाही."

"एका अर्थी हे जास्त वाईट," खानोलकर म्हणाले. "कारण शाबूत लखोटा सातही सभासदांसमोर उघडणं बंधनकारक होतं. दळवींना तो दाबता आला नसता. आणि युद्धाचा ठराव चार विरुद्ध तीन असा मंजूर झाला. चौघांतलं एक जरी माणूस तो अहवाल वाचून बदललं असतं..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग तिघांचीही नजर मधल्या मोहोरेवर गेली. तिच्यावरून एक बारीक तडा आडवा गेला होता.

"पात्याने तडकवलीय," ओवी म्हणाली. "त्यांच्याच कोणीतरी. दुसरं काय?"

झैनब तड्यावर वाकून बघत राहिली होती. ओवीने तिच्याकडे पाहिलं. "काय गो? तोंड का पाडलंस?"

"पात्याचा तडा वेगळा दिसतो, आजी. हा आतून गेलाय, कोळ्याच्या जाळ्यासारखा. गरम लाखेवर पाणी पडलं की असा होतो. ती वरून कडक दिसते, पण आत तडे धरते. मग थैलीत जरा हिसका बसला की फुटते. ही तुमच्याच टेबलावर बिघडली. सगळे म्हणतील दळवींनी फोडली. पण लाख तसं म्हणत नाही."

ओवीने पुन्हा त्या तड्याकडे पाहिलं. मग तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"शर्विल," ती म्हणाली.

*

शर्विल तांडेल हे नाव संघात सगळ्यांना ठाऊक होतं. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा ओवीचा नवरा. युद्धाच्या तिसऱ्या महिन्यात भर गोळीबारात अकरा खेपा करून त्याने जखमींना आणलं, त्यात आल्मेरचेही होते. बाराव्या खेपेला तो परत आला नाही. दोन्ही पक्षांना मान्य असलेला त्या युद्धातला तो एकमेव नायक. मिऱ्या बंदराच्या मोठ्या धक्क्याला त्याचं नाव होतं.

"मोहोरखोलीत बाहेरच्या माणसाला येऊ द्यायचं नाही, हा नियम," ओवी सांगू लागली. "पण तो डबा घेऊन आला होता. दाराशी उभा राहून चिडवत होता. मी म्हटलं, ये आत, एवढी एकच राहिलीय."

खानोलकरांनी टाचण बाजूला ठेवलं. "बाई, आयोगाचा अध्यक्ष म्हणून सांगतो. पाचवी मोहोर वाचलीच पाहिजे असं बंधन नाही. आमच्याकडे दळवींचं बोलणं आहे. तडा कशाने गेला ते अज्ञात, असं लिहिता येईल."

"आणि लोक समजतील, दळवींनी फोडली."

"समजतील."

"आणि वाचली, आणि मी सांगितलं की हा आवाज ओळखत नाही, तर?"

"तर अनोळखी, अशी नोंद होईल. तुम्हाला कोणी खोटं पाडू शकणार नाही."

ओवीने झैनबला विचारलं, "त्याचा आवाज असेल त्यात?"

"असणार."

"माझ्याकडे एकही नाही गो. होते ते सगळे बॉम्बमध्ये गेले. पहिली दहा वर्षं मनात वाजायचा. मग नुसते शब्द राहिले, आवाज गेला. आता मी जे आठवते ते माझ्याच आवाजात आठवते." ती खुर्चीत ताठ बसली. "वाच. पहिल्यापासून वाच."

पहिल्या मोहोरेत अडतीस वर्षांची ओवी गुणगुणत होती. "शी! किती बेसूर!" म्हणून म्हातारी ओवी हसली. दुसरीत टाइपरायटरची टकटक. तिसरीत ती शिपायाला ओरडत होती की मेणबत्ती आण, ही विझायला आलीय. चौथीच्या शेवटी दार करकरलं.

"येऊ का आत, सरकार?"

ओवीने दोन्ही हातांनी टेबल धरलं. तिची मान जोरजोरात हलली, हो, हो, हाच. आणि चेहरा असा फुलला की झैनबने किरण थांबवला आणि ती बघतच राहिली.

"थांबू नको!" ओवी ओरडली. "पुढची लाव, पाचवी लाव!"

पाचवी सुरू झाली.

"डबा निवतोय गो. चल लवकर."

"अरे, लाख ओली आहे अजून. हलवली तर शिक्का बिघडेल."

"किती वेळ लागतो हिला?"

"वीस सेकंद. धीर धर."

"वीस सेकंद! आमच्या कारखान्यात एवढ्या वेळात अख्खं इंजिन... बाजूला हो. तो पाण्याचा पेला दे."

"शर्विल, चावटपणा नको—"

"अगो, काही होत नाही. लोखंड तापलं की आम्ही काय करतो? त्याला—"

चर्र.

आणि शांतता. पाण्याने लाख एका क्षणात गोठली होती, त्यापुढे काहीच उमटलं नव्हतं.

मग ओवीनेच ते वाक्य पुरं केलं. "त्याला पाणी पाजतो. म्हणजे ते कधी तुटत नाही." ती किंचित हसली. "लोखंडाचा माणूस तो. लाखेचं त्याला काय ठाऊक?"

खानोलकरांनी टाचण पुन्हा पुढे ओढलं. "तांडेलबाई, शपथेवर विचारतो. हा आवाज कोणाचा?"

ओवीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली मिऱ्याचा धक्का दिसत होता. त्यावरची अक्षरं इथून वाचता येत नव्हती. दोनच शब्द म्हटले असते, 'ओळखत नाही', तर धक्का होता तसा राहिला असता, आणि तीही सदतीस वर्षं होती तशी, खरी. फक्त आत्ता ज्याचा आवाज परत मिळाला होता त्याला पुन्हा पाण्यात सोडावं लागलं असतं.

"माझ्या नवऱ्याचा," ती म्हणाली. "शर्विल रघुवीर तांडेलचा. आणि त्याला नियम मोडून आत घेतलं ते मी. माझंही नाव लिहा."

मग ती झैनबला म्हणाली, "तडकली नसती, तरी दळवींनी दुसरं काहीतरी काढलंच असतं. नाही का गो?"

झैनबला हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून. "ते लाख सांगत नाही, आजी," ती म्हणाली. "काय बोललं गेलं तेवढंच ती सांगते. काय झालं असतं ते नाही."

*

खानोलकर आयोगाने आणखी सहाशे मोहोरा वाचल्या आणि आठशे पानांचा अहवाल दिला. केंद्र बुडायच्या पाच महिने आधीच आल्मेरच्या विहिरी घ्यायचा बेत ठरला होता, तो कोणी ठरवला, आरमार बारा दिवस आधी समुद्रात का उतरलं होतं, आल्मेरनेही तशीच तयारी कशी केली होती, सगळं त्यात आहे. लोकांनी वाचलं ते एकच पान, पेल्याचं. आरमार आणि उपसा समजायला कठीण असतं. पाण्याचा पेला शाळेतल्या मुलालाही समजतो. वर्षभरात दोन्ही पक्षांचं भांडण मिटलं. लग्नाच्या पंगती शांतपणे जेवू लागल्या. युद्ध कोणी सुरू केलं हे आता सर्वांना ठाऊक होतं.

दळवींचा पुतळा हलवायचं ठरलं होतं, तो ठराव मागे पडला. गेल्या खेपेला मी पाहिलं तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता. बागवे कधीच वारला होता, त्याच्या मुलांना मात्र त्याचा आवाज ऐकायला मिळाला. मिऱ्याच्या धक्क्यावरची अक्षरं एका सकाळी खरवडलेली आढळली. त्याला आता नुसता मोठा धक्का म्हणतात. न्यायमूर्ती खानोलकरांनी पुन्हा कुठलंही आयोगाचं काम घेतलं नाही.

कचेऱ्यांमधून अजून लाख वापरतात. पण मोहोर करताना आता कोणी बोलत नाही. वरिष्ठ कारकून ओठांवर बोट ठेवतो, पंखा बंद करतात, आणि गोठेपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात. ही सवय घरांतही शिरली आहे. मेणबत्ती विझवताना, तूप कढवून ठेवताना माणसं बोलता बोलता थांबतात.

ओवी तांडेल २१०३ साली गेली. तिच्या कपाटात झैनबच्या नावाचा एक लखोटा निघाला. आत कागद आहे की काहीच नाही, कोणास ठाऊक. झैनबने तो उघडलेला नाही. प्रयोगशाळेने मोहोरा वाचायला तो तीनदा मागितला, तीनदा तिने नाही म्हटलं. मी तो तिच्या टेबलावर पाहिला आहे. वर पाच मोहोरा आहेत. चार नीट, जरा डावीकडे झुकलेल्या. मधल्या पाचवीवर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा आहे.